मला लांबीनं कापलं

मी बोलतेय, कॉलेजच्या भूशास्त्र विभागात तळमजल्यावरच्या कपाटातल्या तिसऱ्या खणातली पांढरी शीर. रक्ताची नव्हे हो, दगडातली!

माझा जन्म जमिनीच्या पोटातला. कर्बवायू मुरलेलं गरम पाणी एका काळ्या खडकात घुसलं, त्याला आतून बदलू लागलं आणि त्याच्याच भेगेत मी साकळले. खडक अजून धड बदललाही नव्हता, तोवर वरच्या डोंगरानं दाबायला सुरुवात केली. मी मोडले नाही, मुकाट्यानं वळ्या पाडून घेतल्या. लाखो वर्षं लागली. तुम्हाला रांगेत पाच मिनिटं उभं राहवत नाही, म्हणून आपलं सांगितलं.

मग एका मुलीनं मला हातोडीनं काढून इथं आणलं. ती संशोधन करते. तीन वर्षं तिचं एकच म्हणणं, खडक बदलत असतानाच शीर दुमडली.

पण शेवटचा शब्द तिच्या मार्गदर्शक सरांचा. सर थोर! त्यांनी मला लांबीनं कापायला लावलं, कारण तसा काप डब्यात नीट मावतो. त्या कापात मी सरळ रेघ.

"कुठे दुमडलीय ही?" सर म्हणाले. "ते प्रकरण काढून टाक. नाहीतर सोमवारी प्रबंधावर माझी सही मिळणार नाही."

मुलगी दगड कापायच्या खोलीत येऊन रडली. माझा नुसता जळफळाट झाला.

तिथल्या काकांनी करवत थांबवली. "अगं, पन्हळी पत्रा लांबीनं कापला तर रेघच दिसणार. आडवं कापू या."

"सर ओरडतील, काका."

"ओरडू देत. करवत मी चालवतो."

आडवं कापलं आणि माझ्या साऱ्या वळ्या उघड्या पडल्या. खडक बदलताना त्यात तयार झालेले काही कण माझ्याबरोबर वाकलेले, काही वळ्यांवरून नंतर वाढलेले, ताठ. म्हणजे खडकाचं बदलणं मी दुमडण्याआधी सुरू झालं आणि नंतरही चालू राहिलं; मुलीचं म्हणणं खरं ठरलं.

सरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. चष्मा पुसला. म्हणाले, "हेच तर मी पहिल्यापासून सांगत होतो!"

अगं बाई! लाखो वर्षं वाकले मी, पण असं वळण मलाही जमलं नव्हतं.

"मग इथं सही करा ना, सर," मुलीनं कागद पुढे केला. त्यांनी केली.

आता माझे दोन्ही काप एकाच खणात आहेत. सरळ रेघेच्या कापावर सरांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे, 'कुठेही दुमडलेली नाही.' मुलीनं ती कुणाला काढू दिली नाही. माझी विनंती एवढीच, नवे विद्यार्थी आले की आधी हाच खण उघडा. आणि सर समोर असताना उघडा.