कंप्युटरचं दुपटं

वसमतच्या हळद बाजाराला लागून घर असलं की चैत्रात अंगाला वेगळी हळद लावायची गरज पडत नाही. खिडकीच्या गजांवर, वाळत घातलेल्या लंगोटांवर, चहाच्या बशीत, जिथं बघाल तिथं पिवळी धूळ. साधनाला ह्या धुळीची धास्ती दोघांसाठी होती. एक मुन्ना, तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचा, पुढच्या खोलीत झोक्यात. दुसरा त्याच खोलीत टेबलाखाली घुमणारा कंप्युटर.

खोलीत प्रभूचं टायपिंगचं दुकान होतं. अर्ज, लग्नपत्रिका, आणि नवा डिजिटल कॅमेरा आल्यापासून झटपट पासपोर्ट फोटोसुद्धा. साधना बी.एस्सी. झालेली, मुन्ना झोपला की तीच टायपिंगला बसायची. एक कान झोक्याकडं, एक कान टेबलाखाली.

मुन्नाचा फोटो मात्र घरात एकही नव्हता. म्हणजे होते, पण कागदावर नव्हते. सासूबाईंनी, चतुराबाईंनी, बजावून ठेवलं होतं, वर्षाच्या आत लेकराचा फोटू उतरवायचा नाही, नजर लागते. बारशाच्या दिवशी प्रभूनं कॅमेरा रोखला तेव्हा त्यांनी मधी पंजाच घातला होता. बटण दाबलं गेलं ते नेमकं तेव्हाच.

पुढं मोठ्या मुश्किलीनं तडजोड झाली. फोटो काढायचे, पण छापायचे नाहीत, कंप्युटरात ठेवायचे. चतुराबाईंनी टेबलाखाली वाकून तो डबा सगळीकडून तपासला.

"ह्याच्यात काय हाय ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत न्हाई ना?"

"न्हाई माय. आत बंद राहतंय."

"मंग ठिव. जावळ झालं की छाप किती छापायचे ते."

कॅमेऱ्याचं कार्ड नखाएवढं. गिऱ्हाइकांचे दहा-बारा चेहरे झाले की भरायचं. म्हणून मुन्नाचे फोटो काढले की लगेच कंप्युटरात घ्यायचे आणि कार्ड पुसून टाकायचं. पहिलं हसू, पालथं पडणं, पहिला दात, वरणानं माखलेलं तोंड, सगळं त्या डब्यात. एकदा साधना म्हणाली, "अहो, ह्याची एक सीडी करून ठेवू या का कुठून तरी?"

"काहून? डब्यातून सांडून चाललेत काय?" प्रभू म्हणाला.

सांडणार नाहीत हे तिलाही पटलं. कागदाला वाळवी लागते, अल्बमला बुरशी येते, पाहुणे बघायला म्हणून फोटो नेतात ते परत आणत नाहीत. कंप्युटरात ह्यातलं काहीच नाही. राहता राहिली धूळ. तिचा बंदोबस्त साधनानं स्वतः केला. मुन्नाची दोन जुनी दुपटी घेतली, आतून मेणकापडाचं अस्तर लावलं आणि कंप्युटरला अंगरखा शिवला. चारी बाजूंनी बंद, खाली नाडी. मागून वायरी जायला एक चीर आणि बटण दाबायला पुढं एक भोक. ससे छापलेलं ते दुपटं घालून कंप्युटर इतका गोड दिसायला लागला, की फॉर्म भरायला आलेल्या बायाबापड्याही वाकून बघायच्या. धूळ आत जायची बंद झाली. आतली गरम हवा बाहेर यायचीही बंद झाली, पण ती काही पिवळी नव्हती, त्यामुळं कुणाला दिसली नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात साधनाला पहिल्यांदा आवाज आला. टिक. मग जरा थांबून, टिक, टिक. मग घशात कफ अडकल्यासारखी घरघर.

"अहो, ह्याच्या आत काहीतरी वाजून राहिलंय."

"तुला मुन्नाच्या छातीतबी वाजतंय. तीनदा डॉक्टरकडं नेलं. काय म्हणला डॉक्टर?"

"काही नाही म्हणाला."

"मंग ह्याचंबी काही न्हाई."

तिला वाटलं, खरंच आपल्याला सवयच लागलीय. रात्री मुन्नाच्या नाकापुढं बोट धरून बघायची सवय तिला होतीच. तिनं मनाची समजूत काढली आणि दुपट्याची नाडी जरा आवळून बांधली.

चार दिवसांनी काळ्या पडद्यावर इंग्रजीतली एक ओळ आली आणि पुढं काही येईना. प्रभूनं बंद केला, चालू केला. वरून दोन थापडा मारल्या. मग दुपटं सोडलं, डब्याला हात लावला आणि झटक्यात मागं घेतला.

"तवा झालाय की गं हा!"

साधनाच्या डोळ्यांपुढून पहिला दात गेला, वरणाचं तोंड गेलं. जावळ दोन महिन्यांवर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी नांदेडहून कंप्युटर दुरुस्त करणारा हिरासिंग आला. बोलायची भारी हौस असलेला गडी. आधी चहा घेतला, मग डबा उघडला आणि आतून पुस्तकाएवढी लोखंडी पेटी काढली.

"ये देखो भाभीजी, हार्ड डिस्क. सगळा माल ह्याच्यात. आत तबकडी फिरती, आरशासारखी. तिच्यावर एक सुई, पण टेकत न्हाई बरं का, तरंगती. मधून केस जाणार न्हाई एवढी जगा. गरमीनं बिघडली, टेकली, की खेल खतम." मग त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या सशांकडं गेलं. "ये क्या है?"

"कव्हर हाय," प्रभू म्हणाला.

"चालू मशीनला?"

"धूळ..." साधना म्हणाली.

हिरासिंगनं एकदा दुपट्याकडं बघितलं, एकदा झोक्याकडं. ऑक्टोबरच्या दुपारी मुन्ना कानटोपी, स्वेटर आणि मोजे घालून घामाघूम बसला होता. हिरासिंगसारखा माणूस, पण काही बोलला नाही.

"एक इलाज हाय," तो शेवटी म्हणाला. "कधी चालतो, कधी न्हाई. पिशवीत घट्ट बांधून फ्रीजमधी ठेवा. थंडी झाली की पाच-दहा मिनिटं जीव धरती. तेवढ्यात जे निघंल ते तुमचं."

आता चतुराबाईंचा पारा चढला. "त्या लोखंडाला फ्रीजात? माझ्या दह्याच्या बाजूला?"

"माय, त्याच्यात मुन्नाचे फोटू हायेत."

"अरे देवा! मंग लेकराला सर्दी न्हाई का होणार?"

हसावं की रडावं ते साधनाला कळेना, कारण क्षणभर तिच्याही मनात तेच आलं होतं. पेटी पिशवीत गेली, पिशवी स्टीलच्या डब्यात, डबा दह्याशेजारी. दुपारभर जो तो फ्रीज उघडून बघायचा आणि चतुराबाई ओरडायच्या, "थंडी बाहीर चाललीय!"

संध्याकाळी हिरासिंगनं आपल्यासोबत आणलेला दुसरा कंप्युटर मांडला, त्याला ती गारेगार पेटी जोडली. सगळे श्वास धरून बसले. घर्र झालं. मग पडद्यावर नावं उमटली.

"जल्दी बोलो, पहले क्या निकालना है?"

"व्यंकटरावांचं आत्मचरित्र!" प्रभू म्हणाला. निवृत्त हेडमास्तर व्यंकटराव चार महिने रोज येऊन ते लिहून घेत होते. "आधी ते काढ. म्हातारा जीव घेईल माझा."

"मुन्ना," साधना म्हणाली.

"अगं, दोनशे पानं हायेत."

"व्यंकटरावांना आपलं आयुष्य पाठ आहे. मुन्नाला नाही." एवढं बोलून तिनं हिरासिंगच्या हाताखालून माऊस ओढला. लग्नाला तीन वर्षं झाली होती. धंद्यात नवऱ्याचा शब्द तिनं असा पहिल्यांदाच मोडला.

पडद्यावर फोटोंचे कागद उडायला लागले, ह्या पाकिटातून त्या पाकिटात. एक कागद गेला. दुसरा निघाला आणि वाटेतच लटकला. टिक. टिक, टिक. घर्रर्र. मग काहीच नाही.

फ्रीजमध्ये परत ठेवून झालं, परत जोडून झालं. टिकटिकसुद्धा येईना. शेवटी हिरासिंगनं पेचकस घेतला. "आता काय उघडी, काय बंद, सारखंच," म्हणत झाकण काढलं. आत खरंच आरसा होता, लख्ख, आणि त्याच्यावर कुणी खिळ्यानं काढावा तसा गोल ओरखडा. साधना वाकली. त्या ओरखड्याच्या मागं तिला तिचंच तोंड दिसलं.

चतुराबाईंनी जवळ येऊन नीट बघितलं. "ही नजर," त्या समाधानानं म्हणाल्या. "म्या काय म्हणलं व्हतं? फोटू कागदावर असते तर थेट लेकराला लागली असती. डब्यावर गेली, बरं झालं."

प्रभूनं व्होल्टेजला दोष दिला. हिरासिंगनं गरमीला. व्यंकटराव तर चक्क खूश झाले. तरुणपणाचं प्रकरण त्यांना बदलून लिहायचंच होतं. चतुराबाईंची नजर, प्रभूचं व्होल्टेज, ज्याला त्याला आपलं कारण सापडलं. ससेवालं दुपटं साधनानं धुतलं आणि घडी करून कपड्यांच्या पेटीत तळाशी घातलं.

आणि तो एक कागद? वाचलेला फोटो सगळ्यात पहिला होता. बारशाचा. सबंध फोटोभर चतुराबाईंचा पंजा, मनगटावर हिरवं गोंदण, बांगड्या. मुन्ना पंजाच्या मागं.

जावळाच्या दिवशी तो मोठा करून, फ्रेम घालून भिंतीवर लागला. जवळा बाजारहून, बाळापूरहून पाहुणे आले होते. चतुराबाई एकेकाला धरून फ्रेमपुढं उभं करत होत्या.

"ह्यो माझा हात. बघा, हाय का कुणाच्या नजरेची ताकद आत शिरायची? फोटू असा पायजे."

"पण लेकरू कुठं हाय, चतुराबाई?"

"हाताच्या मागं हाय की!"

पाहुणे माना डोलवत जेवायला गेले. साधना एकटीच फ्रेमपुढं उभी राहिली. हा फोटो तिनं आधी कितीदा पाहिला होता, पण फसलेला म्हणून पुढं सरकवलेला. आता दुसरा नव्हताच, म्हणून ती बोट न बोट बघत गेली. आणि करंगळीच्या पलीकडं, अगदी कडेला, तिला मुन्ना सापडला. सगळा नाही, एक कान. चिंचेच्या नव्या पानाएवढा, गुलाबी. आत्यानं नाव सांगायला त्या कानावरची टोपी काढली होती.

तिनं काचेवर बोट ठेवलं. डोळे भरून आले. आणि मग एकदम तिच्या ध्यानात आलं.

"अहो!" ती आतल्या खोलीकडं वळून ओरडली. "बारशाला जानेवारीची थंडी होती ना? आत्याबाईंनी काढलेली टोपी परत कुणी घातलीच नव्हती का हो?"