नसलेल्या बोगद्याचा खडा

"बायको संडासात गेली हाय," मी टीसीला सांगितलं.

परभणी सोडून पाच मिनिटंही झाली नव्हती. टीसीने हातातल्या यंत्रावर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. सतरा नंबर माझा, वीस तिचा. दोन्ही खालचे, खिडकीचे, समोरासमोर. वीसवर घोंगडी अंथरलेली होती आणि घोंगडीवर गाठ मारलेली चिंधीची पिशवी.

"चढल्या चढल्याच गेल्या?"

"काल हुरडा लय हाणला तिनं. म्हटलं बी, सत्तरीत जरा बेतानं खा."

"काका, मी पुढचे डबे बघून येतो. सेलू येईस्तोवर मावशी जाग्यावर दिसल्या पायजेत. न्हाईतर त्या आल्याच न्हाईत असं टाकून बर्थ ह्या ताईला देणार."

ताई म्हणजे पलीकडे आरएसीच्या अर्ध्या बर्थवर बसलेली मनिषा. जिंतूरची. नवरा फौजेत, अंबाल्याला. मांडीवर सहा महिन्यांची पोर. बर्थचा उरलेला अर्धा भाग ज्या सद्गृहस्थाचा, तो पाऊण बर्थवर पसरून घोरत होता.

"राहू द्या ओ साहेब," ती म्हणाली. "म्हातारं माणूस हाय. येतील मावशी. मी बसते अशीच."

तिने भांडण काढलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

माझं नाव येडबा. आईबापांनी आजोबांवरून ठेवलं. आमचे पेडगावकर मात्र ते अनुभवावरून घेतात. चौतीस वर्षं रेल्वेत चावीवाला होतो. सकाळी खांद्यावर हातोडा टाकायचा, पेडगावच्या बाजूने सहा किलोमीटर रूळ चालायचा, रूळ आवळून धरणारी चावी ढिली झाली असली की ठोकायची. गाडी आली की खाली उतरून उभं राहायचं. म्हणजे चौतीस वर्षं मी रेल्वेत होतो, गाडीत नाही. गाडीच्या बाजूला. निवृत्त झालो तेव्हा पास मिळाला, त्यावर दोन नावं: माझं आणि बायकोचं, केवळाबाईचं. लोक तीर्थं करतात, आम्ही रूळ केले. जिथे जिथे वेगळी, जुनी, अडनिडी गाडी आहे असं कळलं, तिथे गेलो.

"मावशीला लय येळ लागायलाय," मनिषा म्हणाली.

"तिचं असंच. उटीला गेलतो, तवा बी ठेसनावर अर्धा घंटा हीच गत. पण काय गाडी ती! दोन रुळांच्या मधी आणखी एक, अन् त्याला दात. इंजिन मागून ढकलतं. त्याच साली माझे दात पडले हुते. मी डायवरला म्हटलं, राजा, चार काढून दे."

"मग? दिले?"

"दिले की. पण भाकर खाताना शिट्टी वाजायला लागली. परत करून टाकले."

ती पोर सावरत हसली. हसणारं माणूस मिळालं की मी थांबत नाही.

"अचलपूरची शकुंतला तर आता बंदच झाली. गार्ड सोता उतरून फाटक लावायचा, गाडी पुढं न्यायची, मग फाटक उघडून पुन्हा चढायचा. मी मधीच उतरलो, एका वावरातली वांगी तोडली, मालकिणीनं धरलं, मग तिनंच च्या पाजला, अन् पुढच्या फाटकाला गाडी गाठली. चालत."

"किती लबाड बोलता ओ बाबा!"

"दार्जिलिंगचं ऐक, ते खरं हाय. इंजिनाच्या तोंडावर दोघं बसत्यात अन् चाक घसरू नये म्हणून रुळावर मूठमूठ वाळू टाकत्यात. केवळाबाई म्हणली, 'अवं, रुळाला रांगोळी घालायलेत की!' मी चौतीस वर्षं रूळ पाहिला, पण असं काही माझ्या डोक्यात आलं न्हाई."

"अन् आता कुठं?"

"शिमला."

तिची नजर पिशवीकडे गेली. "ह्याच्यात काय, परसाद?"

"खडे. एकशे तीन."

केवळाबाई मेंढरं राखणाऱ्या घरातली. विसाच्या पुढे आकडे तिला कधी पटले नाहीत. संध्याकाळी एकेक मेंढरू जाळीच्या आत शिरलं की एकेक खडा उजव्या हातातून डाव्या बाजूच्या ओच्यात. उजवीकडे खडा उरला की मेंढरू रानात राहिलं. उटीला तिने बोगदे असेच मोजले. सोळा बोगदे, सोळा खडे. तिथे डब्यात एक बंगाली बाबू भेटले. म्हणाले, ये तो कुछ नहीं, शिमला जाव. एकशे तीन नंबरांपर्यंत बोगदे आहेत. त्यातला सेहेचाळिसावा आता नाही, पण पुढच्यांचे नंबर कोणी बदलले नाहीत.

घरी आल्यावर ती आठ दिवस ओढ्यात खडे वेचत होती. मी म्हटलं, एक कमी घे, तो बोगदा न्हाई.

"आकडा हाय न्हवं त्याचा?" ती म्हणाली. "मग खडा बी पायजे. आमच्या घरात मेंढरू मेलं तरी त्याचा खडा सालभर टाकत न्हाईत. टाकला की बाकीची बिथरत्यात."

हे सगळं मी मनिषाला सांगितलं. पहिल्यांदाच काहीही न वाढवता.

गाडी हळू झाली. पुढे रुळाचं काम चाललं असावं. हे मला कोणी सांगायला लागत नाही, चाकांवरूनच कळतं. पेडगाव जवळ आलं. ही गाडी तिथे थांबत नाही. मी उठलो, वीस नंबरच्या खिडकीशी गेलो, पिशवी उचलून हातात धरली. एक तरुण चावीवाला खांद्यावर हातोडा घेऊन खाली उभा होता, जसा मी असायचो. त्याच्या मागे दोन वावरं सोडून एक बाभूळ आहे. त्या वावरातून केवळाबाई माझी भाकर घेऊन यायची आणि गाडी आली की प्रत्येक गाडीला हात करायची. मी चिडवायचो, कोण तुझा पाव्हणा हाय त्यात? ती म्हणायची, "नसू दे. आतल्याला वाटतं, आपल्यासाठी कुणीतरी उभं हाय."

मी हात केला. चावीवाल्याने बावचळून हातोडा वर उचलला.

"वळखीचा का?" मनिषाने विचारलं.

"त्याला न्हाई केला."

तिने बाहेर पाहिलं. बाभळीपाशी कोणी नव्हतं. मग तिने संडासाच्या दिशेने पाहिलं, मग माझ्या हातातल्या पिशवीकडे.

"बाबा, मावशी?"

"दोन सालं झाली. त्या बाभळीखालीच दिला अग्नी."

तिने पोरीला खांद्याशी घेतलं. तिची पाठ थोपटली.

"मग पासावर नाव कसं काय?"

"कळवलंच न्हाई कुणाला. मयताचा दाखला दिला की नाव कटतं. कॉम्प्युटरवाली पोरगी म्हणली, बाबा, तुमी सत्तरीच्या पुढं, बायको येत नसंल तर तिच्या जागी सोबती नेता येतो. फक्त नाव सांगा." मी पिशवीची गाठ चाचपली. "साऱ्या पेडगावाला मी गोष्टी सांगतो. माझ्याभवती बैठक भरती. पण त्या पोरीपुढं अर्धा घंटा बसलो, एक नाव आठवंना."

"जाऊ द्या," ती घाईने म्हणाली. "टीसीला सांगू, मावशी तिकडल्या डब्यात गेल्या. मी बी सांगते. माझं भागतंय."

तेवढ्यात घोरणाऱ्या सद्गृहस्थाने पाय आणखी लांब केला आणि ती पोरीसकट कडेला सरकली. बसायला जेमतेम वीतभर जागा उरली. अंबाला दुसऱ्या दिवशी.

सेलूचा सिग्नल लागला तसा टीसी परत आला.

"हं काका. मावशी?"

माझ्याजवळ चार थापा तयार होत्या. त्यातली एक तर फारच झकास होती. मनिषा माझ्याकडे बघत होती, तिनेही काहीतरी जुळवलं असावं.

"साहेब, ती पेडगावलाच राहिली."

"ही गाडी पेडगावला थांबत नाही."

"ठावं हाय साहेब. चौतीस वर्षं तिथंच हुतो."

त्याने घोंगडीकडे पाहिलं. मनिषाने मान खाली घातली होती. त्याने यंत्रावर बोट फिरवलं, एकदा, मग पुन्हा एकदा.

"ताई, वीस नंबरवर या." आणि जाता जाता हळू आवाजात, "परत जाल तेव्हा दाखला देऊन टाका, काका."

मनिषा आली. ती घोंगडी काढायला लागली तर मी म्हटलं, राहू दे, पोरीला ऊब लागंल. पोर आडवी झाली तशी लगेच झोपली. मी माझ्या जागी बसून पिशवी सोडली, चाचपून एक खडा काढला आणि तिच्या खिडकीच्या खाचेत ठेवला.

"हा कितवा?"

"सेहेचाळिसावा."

गाडी सेलूतून निघाली. खाचेतला खडा चाकांच्या तालावर टकटक वाजू लागला. मी सवयीने कान दिला. ढिला होता, पण पडत नव्हता.