दोन फरशांना जरा कमी

मी सांगते, लग्नाळू माणसाला फिशिंगच्या दुकानात नेऊ नये. त्यात तो क्वालिटी कंट्रोलवाला असेल, तर दुकानाच्या गल्लीतूनसुद्धा नेऊ नये.

माझा कृष्णात तसा आहे. राहायला कोपरखैरणे, गाव पाटणकडे, नोकरी तुर्भ्याच्या एका कंपनीत. तिथे माल बांधायचे पट्टे बनतात. ते मशीनला लावायचे आणि तुटेपर्यंत ओढायचे, हे याचं काम. ओढून ओढून पट्टे तोडतो आणि वर पगार घेतो! मी मनस्वी, सारसोळ्याची, धर्मराजांची एकुलती एक पोर. तोंडाने जरा फटकळ आहे, पण ते आमच्या घरात सगळेच आहेत.

तर एके दिवशी मी कृष्णातला घरी आणलं आणि बाबांना सरळ सांगितलं, मी याच्याशी लग्न करणार. बाबांचा सगळा जन्म खाडीवर गेलेला. आता गुडघ्यामुळे होडी सुटली, पण ऐट सुटली नाही. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आमच्यात जावयाला सासरा जिताडा घालतो," ते म्हणाले. "मानाचा मासा हाय तो. पन माझा गुडघा गेला. मंग आता जावयानीच आनायचा. इकतचा नाय, तलावातला नाय, आपल्या खाडीतला. रविवारी उधानाची भरती हाय. काय तो जिताडा घेऊन ये, मंग तुझ्या आईबापाला बोलव."

"आणि नाही मिळाला तर?" मी विचारलं.

"मंग नको बोलवू."

बघा म्हणजे! माझं अख्खं लग्न एका माशाच्या जबड्यात अडकलं. मी बोलणार होते चांगली चार वाक्यं, पण कृष्णात मध्येच म्हणाला, "आणतो, काका." त्याने आयुष्यात मासा पकडला होता तो फक्त ताटातला.

रॉड आणि रील माझ्याकडे होतं. दोरी पण होती. नव्हता तो लीडर, म्हणजे गळाजवळचा शेवटचा हात-दीड हात धागा. जिताड्याच्या कल्ल्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, साधा धागा तो सटकन कापून निघून जातो. म्हणून शनिवारी संध्याकाळी आम्ही प्रीतमच्या दुकानात गेलो. प्रीतम माझ्या वर्गातला. मासा बघितला की त्याला शिंका येतात, पण फिशिंगचं सामान विकायला बसलाय.

"फ्लोरोकार्बन घे," प्रीतम म्हणाला. "पाण्यात दिसतच नाही. माशाला कळत पण नाही की समोर धागा आहे."

"आपल्या खाडीत?" मी म्हटलं. "अरे त्या पाण्यात माझा पाय मला दिसत नाही! माशाला काय दिसणार, डोंबल?"

"मग खरबरीत जागेवर घासून टिकतो तो घे," कृष्णात म्हणाला. त्याच्या डोळ्यांत ती चमक आली. मला ती चमक माहीत आहे. माझी नवी चप्पल त्याने अशीच चमक आल्यावर वाकवून बघितली होती. आता ती घरात एकच उरली आहे.

प्रीतमने दोन रिळं काढली. एक वीस पौंडाचं, म्हणजे तेवढं वजन पेलणारं, बारीक, केसासारखं. दुसरं चाळीसचं, जाड. प्रीतम म्हणे बारीक घे, चावा जास्त मिळतो. मी म्हटलं जाड घे, चावा मिळून धागा तुटला तर काय चाटायचाय? आमचं जोरात सुरू झालं. कृष्णात खाली बसला आणि दुकानाच्या पायरीच्या कडेवर दोन्ही धागे घासायला लागला. रस्त्यावरून जाणारी एक मावशी थांबून बघत राहिली. बारीक धागा पांढरा पडला, जाडाला फक्त ओरखडा आला.

"आता लोड टेस्ट," कृष्णात म्हणाला.

प्रीतमच्या दुकानात पाण्याचे वीस लिटरचे दोन बाटले होते. कृष्णातने बारीक धागा एका बाटल्याच्या मानेला बांधला, दुसरं टोक पोछ्याच्या दांड्याला गुंडाळलं, आणि दांड्याची एक बाजू मला धरायला दिली. मी पण येडी, धरली. "वन, टू..." म्हणेपर्यंत फटकन आवाज! बाटला खाली, झाकण वर, आणि दुकानात पाणीच पाणी. प्रीतम काउंटरवर चढला. त्याच्या प्लॅस्टिकच्या रंगीत माशांचा अख्खा बॉक्स तरंगत दारापर्यंत आला. बाहेरची ती मावशी म्हणाली, "अगं बाई, जिवंत आहेत का?" मला इतकं हसू आलं की मी पाण्यातच बसले.

"फेल," कृष्णात शांतपणे म्हणाला आणि दुसऱ्या बाटल्याकडे वळला.

"हात लावू नकोस! पाया पडतो तुझ्या!" प्रीतम वरून ओरडला.

पण कृष्णातने जाड रिळातून नवा तुकडा कापला, बांधला, आणि आम्ही उचललं. चाळीस पौंड म्हणजे अठरा किलो. बाटला वीसच्या वर. बाटला हवेत! कृष्णातने तो वर-खाली नाचवला. धागा ताणला, करकरला, पण तुटला नाही.

"पास!" तो ओरडला, आणि त्याने काउंटरवर उभ्या प्रीतमच्या पायांनाच मिठी मारली. मग अख्खं रीळ घेतलं. प्रीतमने आम्हाला हात जोडून बाहेर काढलं. मी रस्त्याने नाचत चालले होते, खरंच नाचत. मला वाटलं झालं आता, हळद लागलीच.

रविवारी सकाळी जेट्टीवर उधाणाची भरती चढत होती. जेट्टीच्या पायऱ्यांवर पाणी आलं होतं. पलीकडे बांधलेल्या एका होडीत कोणीतरी डोक्यावर पंचा टाकून, आमच्याकडे पाठ करून जाळं शिवत होतं. बाकी सगळं आमचंच राज्य. मी रॉड जोडला, जिवंत कोळंबी काढली. कृष्णातने खिशातून पाकीट काढलं आणि पाकिटातून नीट गुंडाळलेला धाग्याचा तुकडा.

"रीळ कुठंय?" मी विचारलं.

"पिशवीत आहे. पण हा बघ, हा पास झालेला पीस. कालचा. वीस किलो उचललेला! लकी आहे."

मला इतकं गोड वाटलं ना त्याचं! नोटांच्या कप्प्यात लीडर ठेवणारा नवरा कुठे मिळतो? मीच गाठ मारायला बोट धरलं. त्याने गाठ थुंकीने ओली केली, ओढली, आणि आम्ही गळ टाकला.

बराच वेळ काही नाही. मग कृष्णातच्या हातातला रॉड एकदम वाकला, आणि रील किंचाळायला लागलं.

"काय करू? काय करू?" तो ओरडत होता.

"पकड! सोड! पकड रे! अरे सोड जरा!" मी पण काय सांगत होते देव जाणे. आम्ही दोघं जेट्टीभर इकडून तिकडे पळत होतो. मासा पाण्याबाहेर उसळला. चंदेरी, रुंद, तोंड एवढं वासलेलं. जिताडा! मी किंचाळले. कृष्णात हसत होता की रडत होता, कुणाला माहीत. हळूहळू त्याने तो पायरीपर्यंत आणला. मासा पाण्यावर येऊन पायरीच्या फरशीला अगदी चिकटून आडवा झाला. मी गुडघाभर पाण्यात उतरले, हात घातला.

आणि टक्. लीडर मधोमध तुटला. जिताड्याने एकदा शेपटी हलवली आणि गेला.

मी तशीच पाण्यात उभी. कृष्णातने उरलेला तुकडा ओढून घेतला, बोटांत धरून बघितला. तो सरळ राहत नव्हता, जागोजागी कुरळा झाला होता.

"मनू," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पार खाली गेला. "आमच्याकडे टेस्ट केलेला पट्टा कधीच मालात जात नाही. थेट भंगारात. ताणलेला पीस आतून गेलेला असतो. मी स्वतः रोज त्याच्यावर लाल शिक्का मारतो."

"मग काल का नाही मारलास, मेल्या?"

"काल मी खूप खूश होतो," तो म्हणाला.

आता यावर काय भांडणार?  भरती उतरायला लागली, आम्ही पुन्हा दोनदा नव्या लीडरने गळ टाकला, काही लागलं नाही. घरी जाताना मी त्याला बजावलं, "हे बघ, आमच्याकडे सुटलेला मासा घरी पोचेपर्यंत वाढतो. ही रीत आहे. बाबांना मी सांगते. तू फक्त मान हलव."

घरी बाबा ओटीवर बसले होते. नुकतेच कुठूनतरी आल्यासारखे, गुडघा चोळत.

"आनला?"

"सुटला, बाबा!" मी सुरू झाले. "काय सांगू! जिताडा म्हणजे असा!" मी दोन्ही हात पसरले, जितके जातील तितके. "अख्खी जेट्टी हलली!"

बाबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. "तू सांग. कवरा होता?"

कृष्णातने माझ्याकडे बघितलं. मी डोळे वटारले. मान हलव रे, देवा, मान हलव.

"पायरीच्या फरशीला लागूनच होता, काका. मोजता आला. दोन फरशांना जरा कमी," तो म्हणाला. "आणि धागा माशाने नाही तोडला. मी आदल्या दिवशी ताणलेला तुकडा वापरला. चूक माझीच."

संपलं. मला वाटलं खाली बसावं आणि भोकाड पसरावं.  बाबांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि झटकला. पंच्याला जाळ्याचा निळा धागा चिकटला होता.

"बरोबर. दोन फरशांना जराच कमी," ते म्हणाले. "मी होडीतच होतो, मान वलवून बगत होतो. या जेट्टीवर माझा सगला जन्म गेला, पन सुटलेला मासा हाय तेवढाच सांगनारा मानूस मना आज भेटला. चल, जेवायला बस."

"म्हणजे?" मी किंचाळले. "म्हणजे हो?"

"आधी जेवू दे गो त्याला!"

आईने, म्हणजे गोजराने, बोंबलाचं कालवण वाढलं. इथे एक सांगायला हवं. आईच्या हातचं मीठ. तिचं लग्न झाल्यापासून तिचं कालवण खारट होतं आणि लग्न झाल्यापासून बाबा त्याला "फस क्लास" म्हणतात. या घरात त्यावर कोणी ब्र काढत नाही. आई कंबरेवर हात ठेवून कृष्णातच्या समोर उभी राहिली.

"कसा झाला रं कालवन?"

मी त्याच्या पायावर पाय दिला. जोरात दिला.

"चव लय भारी आहे, काकू," तो म्हणाला. "मीठ जरा जास्त झालंय."

पंखासुद्धा थांबल्यासारखा वाटला. आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी ताटात बघितलं. त्यांचे खांदे हलायला लागले, मग पोट, आणि मग ते असे हसत सुटले की घास नाकात गेला आणि मला पाठीवर थापा माराव्या लागल्या.

"गोजरा," ते डोळे पुसत म्हणाले, "त्याच्या आईबापाला फोन लाव. उद्याच येव दे. नायतर हा पोरगा दुसरा कोनतरी नेल."

 आई आत गेली, गरम पाण्याचा टोप घेऊन आली, कालवणात ओतलं, पळीने ढवळलं, आणि कृष्णातच्या वाटीत पुन्हा वाढलं.

"आता?"

त्याने भुरका मारला, नीट विचार केला. आम्ही तिघंही श्वास धरून बसलो होतो.

"पास," तो म्हणाला.