जयंतीनं शटर ओढलं

मी एक जुना, तापट डोक्याचा डंक आहे; म्हणजे मसाला कुटायचं यंत्र. मित्रांनो, हळू बोलणं मला कधी जमलंच नाही. कानात बोटं घालायची तर आत्ताच घाला.

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात मला आणलं ते लवू परबच्या वडिलांनी. गिरणी बंद पडली, तेव्हा हाती आलेल्या पैशांत कुणी टीव्ही घेतला, कुणी गावचं घर शाकारलं. या म्हाताऱ्यानं मला घेतलं. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. पण पहिल्याच उन्हाळ्यात माझ्यापुढे रांग लागली आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. म्हाताऱ्यामागे त्याची सून जयंती मला चालवू लागली. लवू एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भात शिजवायचा.

आमचं काम दोन महिन्यांचं आणि खाणं बारा महिन्यांचं. एप्रिल-मेमध्ये घरोघरी मिरच्या वाळतात, वर्षाचा मसाला तेव्हाच होतो. आणि बायका काय पिशवी ठेवून जातात होय? नाव नको. आपला मसाला कुटून होईपर्यंत समोर ठाण मांडून बसायचं, नजर हलवायची नाही. समोरच्या इमारतीतली सुलक्षणा तर हवालदारच.

"जयंती, उखळ नीट झाडलंस ना गं? मागल्या बाईचे धणे माझ्यात नकोत हां."

मला असा राग यायचा! पण तिच्याकडचं कालवण जेवून गोरेगावचे पाहुणे मसाल्याची चौकशी करत, तेव्हा ती माझंच नाव सांगायची. म्हणून मी तिला सोडून दिलं.

मग कोरोना आला. ऐन हंगामात शटर खाली आलं आणि पाऊस सुरू होईपर्यंत खालीच राहिलं. माझ्या मुसळांना गंज चढला. कारखान्यानं कँटीन बंद केलं आणि लवू घरी बसला. जयंतीनं आधी बांगड्या मोडल्या, मग मुलीचा क्लास थांबवला. एक दिवस मुलुंडचा कुंडलिक आला. त्याचा पाकिटातल्या मसाल्याचा धंदा. अख्ख्या मुंबईची वाट लागली होती, पण त्याचा माल खपत होता. तो माझ्याभोवती फिरला, हात लावून बघितलं आणि मला विकत मागितलं.

"पुढचा उन्हाळा बघू दे," जयंती म्हणाली. "नाही जमलं, तर घेऊन जा."

पुढचा उन्हाळा आला आणि पुन्हा बंदी आली. पिठाच्या चक्कीला परवानगी होती. माझं काय ते कुणीच धड सांगेना. जयंती शटर अर्धं वर करून सकाळी काम उरकायची. हा हंगाम हातचा गेला की मी गेलो, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. बायका मात्र आल्या. गल्लीत लांब लांब स्टुलं टाकून, तोंडं बांधून बसल्या. लवू त्यांच्या हातातून पिशव्या घ्यायचा आणि आत आणून द्यायचा.

काम नुकतंच रंगात आलं होतं. त्या सकाळी सुलक्षणाची लवंगी मिरची माझ्या उखळात पडली. मी दणका दिला आणि असा खकाणा उडाला म्हणता! सगळी गल्ली खोकायला लागली. त्या दिवसांत खोकला म्हणजे काय, सांगायला नको. खिडक्या धडाधड बंद झाल्या. वरच्या मजल्यावरचा निलेश गॅलरीतून ओरडला, "कोण खोकतंय रे?"

"मिरची आहे बाबा, मिरची," सुलक्षणा डोळे पुसत म्हणाली आणि बायका हसल्या.

लवू माझ्या अगदी जवळ उभा होता, मास्क गळ्यात लोंबत होता. त्याच्या डोळ्यांत टिपूस नाही की घशात खरखर नाही.

"सगळे कित्याक खोकतत गो?" त्यानं विचारलं.

जयंतीनं मूठभर मसाला त्याच्या नाकाशी नेला. "वास घे."

"माका कसलोच वास येणा नाय."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. हात माझ्या बटणावर होता. दारात पिशव्यांची रास होती, वर्षभराची चूल त्यात होती. ती गप्प राहिली असती, तर कुणाला कळणार होतं? तिनं बाहेर सुलक्षणाकडे पाहिलं. तिच्या घरी म्हातारी, दमेकरी सासू होती.

जयंतीनं बटण बंद केलं.

"सगळ्यांनी आपापल्या पिशव्या घ्या आणि घरी जा," ती म्हणाली. "ह्यांना वास येत नाहीये. टेस्ट करून घ्या."

स्टुलं सरकली. सुलक्षणा अर्धा कुटलेला मसाला उखळातच सोडून पळाली. जयंतीनं शटर ओढलं.

लवूला त्याच संध्याकाळी इस्पितळात नेलं; अंगातला ऑक्सिजन उतरलेला निघाला, म्हणून ऑक्सिजनवर ठेवलं. उशीर झाला असता तर हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले. हाडं घेऊन का होईना, तो परत आला. गल्लीतल्या एकाही बाईला काही झालं नाही. म्हातारी सासूसुद्धा ठणठणीत.

मग जयंतीनं मला घासूनपुसून लख्ख केलं आणि शटर पूर्ण वर केलं. हंगामाचे थोडे दिवस अजून उरले होते. बायका कोपऱ्यावर यायच्या, दुकान उघडं दिसलं की मास्क वर ओढायच्या आणि पलीकडच्या बाजूनं जायच्या. सुलक्षणाही आली. पिशवीतून कुंडलिकचं पिवळं पाकीट डोकावत होतं.

"बरे आहेत ना गं लवूभाऊ?" तिनं लांबूनच विचारलं.

"बरे आहेत."

"सांभाळ हां," म्हणाली आणि गेली.

पाऊस टेकायच्या आत कुंडलिकचा टेम्पो आला. त्याची माणसं माझे नट ढिले करत होती, तेव्हा जयंती शांतपणे म्हणाली, "कुंडलिकशेठ, यंत्र नेताय तर चालवणारीलाही न्या. मला काम पाहिजे."

त्यानं मान खाजवली. "उद्यापासून ये," म्हणाला.

आता आम्ही दोघं मुलुंडला आहोत. मी कुटतो, ती पाकिटं भरते. आमच्यासमोर कुणी बसत नाही.

मित्रांनो, यंत्रांना तेल घाला, गंजू देऊ नका, हे तर मी सांगणारच. पण तुमच्या जिवासाठी कुणी आपलं दुकान बंद केलं असेल, तर ते उघडेल त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक तुम्ही व्हा. तेव्हा गल्लीतून एक जरी बाई पिशवी घेऊन आत आली असती ना, तर तिच्यामागून बाकीच्याही आल्या असत्या, आणि मी आज विक्रोळीत असतो.