अर्ध्या गच्चीचा नियम

हिरवी घरं वाढावीत म्हणून नगरपालिकेत तीन वर्षं भाषणं झाली आणि एक रोपसुद्धा उगवलं नाही. मग कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून नियम निघाला: अर्ध्या गच्चीवर बाग करा, उरलेल्या अर्ध्यावर एक खोली चढवायची परवानगी घ्या. अर्जांचा ढीग पडला. लोकांना झाडं आवडतातच, पण सोबत खोली मिळाली की जरा जास्तच आवडतात.

तपासणी टेपसाहेबांकडे. खिशात कायम मोजायची टेप, म्हणून हे नाव. खरं नाव हजेरीपटातच काय ते उरलं होतं. माणूस सुतासारखा सरळ. कोणाचा खोळंबा नको म्हणून आठवड्याचं वेळापत्रक ते आधीच सुवाच्य अक्षरात कचेरीच्या दारावरच्या फलकावर लिहीत. या शिस्तीचा त्यांना कोण अभिमान!

गुरुवारी पाळी आली त्यांच्याच सासऱ्यांच्या गच्चीची. 'नातं आहे, दुसऱ्याला पाठवा,' असं त्यांनी वरच्या साहेबांना सांगून पाहिलं. 'दुसरा आहे कुठे?' वरचे साहेब म्हणाले. इकडे घरी दोन खोल्यांत चार माणसं, आणि सासऱ्यांचा शब्द होता की वरची खोली लेक-जावयाची. बायकोने तर खिडकी कुठे हवी तेही ठरवून टाकलं होतं.

गच्चीवर चाळीस कुंड्या रांगेत उभ्या होत्या. माप चोख भरलं. टेपसाहेब खुशीत टेप गुंडाळत होते, तेवढ्यात त्यांना फुटक्या, तारेने आवळलेल्या कुंडीतलं वाकडं लिंबू दिसलं. हे लिंबू त्यांनी सोमवारी पाहिलं होतं. मंगळवारीही. काल तर त्याला 'विशेष जोमदार' असा शेराही दिला होता.

"बाबा, हे लिंबू कुठलं?"

"आपलंच. इथेच वाढलंय," सासरे म्हणाले. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस, सहजासहजी डगमगणारा नव्हे.

"काल ते शिंप्याच्या गच्चीवर होतं. परवा दातांच्या डॉक्टरांकडे."

"मग? झाडाने चार घरी जाऊ नये?"

माहेरी आलेल्या बायकोने त्यांना बाजूला ओढलं. "अहो, सगळेच करतात! उद्या सकाळी याच कुंड्या टेम्पोतून पुढच्या गच्चीवर जाणार. फलकावर तुम्हीच नाही का लिहिलंत?"

टेपसाहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. सगळी चोरी त्यांच्याच सुवाच्य अक्षरात चालली होती. त्यांनी रिकाम्या अर्ध्या गच्चीकडे पाहिलं, त्यांना खरोखर रडू आलं, आणि त्यांनी लिहिलं: नामंजूर. मागच्या तिन्ही गच्च्याही रद्द केल्या, फलक पुसला आणि वरून नवा नियम पास करून घेतला. कुंड्या चालणार नाहीत. गच्चीवर पक्का मातीचा थर हवा, आणि तपासणी सहा महिन्यांनी, न सांगता.

"घरचाच जावई आणि घरालाच आग!" सासरे गरजले. बायको आठ दिवस मुलांमार्फत बोलत होती. "तुमच्या बाबांना सांगा, जेवायला या."

पण सासरेही हट्टाला पेटले. जावयाला खोट काढायला जागाच ठेवायची नाही, म्हणून त्यांनी गच्चीला पाणी न झिरपणारा थर दिला, निचऱ्याचे पाइप बसवले, वीतभर माती पसरली.

सहा महिन्यांनी टेपसाहेब अचानक जिना चढले, मागोमाग बायको. टोमॅटो लालभडक, मिरच्या लगडलेल्या, सगळं जिवंत. आता खोलीचं माप घ्यावं म्हणून ते दुसऱ्या अर्ध्याकडे वळले, तर तिथेही माती! आणि त्यावर ऐसपैस पसरलेला भोपळ्याचा वेल.

"बाबा, इथे खोली बांधायची होती ना?"

"खोली?" सासऱ्यांनी एका भोपळ्याखाली हलकेच विटेचा तुकडा सरकवला. "खालचं घर इतकं गार पडलंय की दुपारी पंखा लागत नाही. त्याच्यावर सिमेंट ओतू? वेड लागलंय की काय मला?"

"पण परवानगी..."

"द्या ना. जपून ठेवतो."

"आणि आम्ही, बाबा?" बायकोचा आवाज चिरकला.

"भाजी न्या की रोज," सासरे प्रेमाने म्हणाले. "घरचीच समजा."

बायकोने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांनी घाईघाईने टेप उलगडली आणि गच्ची पुन्हा मोजली. बाग नियमाच्या दुप्पट भरली. शेवटी अर्जावर त्यांनी शेरा लिहिला: उत्कृष्ट. खोटं लिहिणं त्यांना याही वेळी जमलं नाही.