तीस दिवसांचा एक वाचक

नीलिमाला लहानपणापासून चौकशा फार. अंडं घातल्यावरच कोंबडी एवढी बोंबलते कशाला, इथपासून तिची सुरुवात. टाळेबंदीत अमरावतीचं वसतिगृह बंद झालं आणि ती शेलूबाजारहून आत फुटणाऱ्या रस्त्यावरच्या आपल्या गावी येऊन पडली. तिथे विचारणार कोणाला? मग तिने ब्लॉग काढला आणि स्वतःलाच शब्द दिला: महिनाभर रोज एक लेख, आभाळ कोसळलं तरी.

पहिल्या दिवशी तिने व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला लिंक टाकली आणि तासाभरात लाजून काढून टाकली. तरी संध्याकाळी आकडा पाहिला तर वाचक एक. दुसऱ्या दिवशी एक. दहाव्या दिवशीही एक. गल्लीतलं कुठलं कुत्रं कोणत्या घराचं खातं आणि कोणत्या घरापुढे झोपतं, यावर तिने लिहिलं. हापशीवर चुन्याने आखलेल्या गोलांत कोण कोणाच्या मागे उभं राहायचं टाळतं, यावरही लिहिलं. हे सगळं मन लावून वाचणारा हा एकटा जीव कोण, याने तिचं डोकं पोखरलं. मैत्रीण निताला विचारलं, तर तिने अजून एकही लेख उघडला नव्हता आणि वर त्याचं तिला काही वाटतही नव्हतं.

एकच वाचक, तोही कुठला कोण जाणे, म्हटल्यावर माणूस जरा सैल लिहितो. बाराव्या दिवशी नीलिमाने तेच केलं.

त्या दिवशी तिचा भाऊ प्रसेनजित पुण्याहून आला होता, थोडा ट्रकने, बाकी पायी. गावच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या टाकून रस्ता बंद केलेला, आणि त्या पहाऱ्याचे पुढारी म्हणजे तिचेच वडील, भिवाजी. आठवड्यापूर्वी तांड्यावरच्या लालसिंगचा पोरगा सुरतेहून आला, तेव्हा त्यांनी त्याला काट्यांपाशीच अडवून थेट शाळेत चौदा दिवसांसाठी पाठवलं होतं. एक वेळ घरी जेवू द्या म्हणून लालसिंगने हात जोडले, पण भिवाजी बधले नाहीत. आणि स्वतःच्या पोराला मात्र, पहारेकरी जेवायला गेलेले पाहून, भर दुपारी नाल्यातून घरी आणलं. नीलिमाने लिहून टाकलं: "बाबांनी दुसऱ्याच्या पोराला काटे दाखवले आणि आपल्या पोराला वाट."

दुसऱ्या दिवशी कोणी काही विचारलेलं नसताना भिवाजींनी प्रसेनजितला उठवलं, शाळेत नेऊन बसवलं आणि गावाला सांगितलं, आत्ताच आला. नीलिमा चकित. माणसाचं मन एका रात्रीत कशाने फिरतं, यावर तिने तेरावा लेख लिहिला आणि उत्तर सापडलं नाही म्हणून तसाच सोडून दिला.

तिसाव्या दिवशी ती मास्क आणायला फय्याज शिंप्याकडे गेली. गावाच्या तोंडाशीच त्याचं दुकान, पत्र्याच्या सावलीत पहारेकरी बसायचे. तिच्या शाळेचे सगळे फ्रॉक त्यानेच शिवलेले.

मास्क मोजून देता देता फय्याज म्हणाला, "बेटा, आज काही टाकलं नाई तुनं. चार वाजले की लोकं जमतात."

नीलिमाला आधी काही कळलंच नाही. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. फय्याजच्या दुकानात रोज सकाळी पेपर यायचा, तो एकजण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. वर्षानुवर्षांची रीत. टाळेबंदीत पेपर बंद झाला, आणि फय्याजने तेवढ्या तासाभरात स्टेटसवरची लिंक उघडून ठेवली होती. तेव्हापासून पेपरच्या जागी नीलिमा. मोबाइल एक, ऐकणारे पंधरा-वीस. गावातली पोर ती, पेपर एक आणि कान अनेक हे तिच्या ध्यानात यायला हवं होतं.

तिला हसू आलं, गुदगुल्याही झाल्या. आणि लगेच बारावा दिवस आठवला.

"चाचा, बारावा लेख?"

फय्याजने मशीनवरचा पाय काढला. "लालसिंग समोरच बसला होता. माही नजर पुढच्या ओळीवर गेली, तशी मी रेंज गेली म्हनून फोन ठेवला. मंग सगळे गेल्यावर तुह्या बापाच्या हातात देल्ला. त्यानं दोनदा वाचला."

तेराव्या लेखाचं उत्तर हे असं, मास्कच्या पिशवीसोबत हातात पडलं.

घरी भिवाजी अंगणात सोयाबीनचं बियाणं निवडत होते. नीलिमा समोर बसली आणि सरळ म्हणाली की आज शेवटचा लेख आहे, महिन्याभरात काय कळलं ते लिहायचं आहे, आणि ते बाराव्या दिवसाशिवाय लिहिता येत नाही. "गाव अजून तुम्हाला खरं समजतं."

भिवाजींचे हात थांबले. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"लिही," ते म्हणाले. "पन फय्याजच्या तोंडी देऊ नको. तूच ये वाचाले. मी बसतो तिथं."

चार वाजता ती पत्र्याखाली उभी राहिली. स्वतःचं लिहिलेलं मोठ्याने वाचायची तिची पहिलीच वेळ. नाल्याच्या ओळीशी ती अडखळली, पण थांबली नाही. बापाची लाज वाटत होती, आणि तो मान खाली घालून का होईना तिथेच बसून होता, याचा अभिमानही वाटत होता.

वाचून झाल्यावर लालसिंगने विचारलं, "भिवाजी, तुह्या पोराले त्या दिवशी जेवाले काय होतं?"

"भाकर अन् बेसन."

"माह्यावाला काट्यापाशी दोन घंटे उभा होता. घरचं पानी मांगत होता."

"मालूम हाय. मीच नाई म्हनलं."

"मंग हे मले कायले आयकवता? माह्या पोराले सांग."

लालसिंग उठला आणि तांड्याच्या वाटेला लागला. भिवाजींनी चपला घातल्या आणि ते त्याच्या मागे चालू लागले.