एकशे वीस, ऐंशी

मी बीपीच्या मशीनचा पट्टा बोलतोय. परवाचा धक्का अजून ओसरलेला नाही, तेव्हा बोलणं जरा तुटक झालं तर सांभाळून घ्या.

काकूंना चक्कर आली म्हणून मला या घरात आणलं. काका रिटायर्ड फिटर. शब्द बाहेर काढायला पक्कड लागावी असा माणूस. स्वयंपाक फक्कड जमला तरी म्हणणार, "मीठ बरोबर आहे." काकू एकदा लेकीला म्हणाल्या होत्या, "यांनी माझा हात शेवटचा धरला तो रस्ता ओलांडताना. तोही ट्रक येत होता म्हणून." त्या हसल्या, पण मला काही हसू आलं नाही.

रोज सकाळी काकू खुर्चीत बसून बाही वर करायच्या. काका मला गुंडाळायचे, दोन बोटं आत घालून बघायचे आणि दंड धरून बसून राहायचे. मग वाचायचे, "एकशे वीस, ऐंशी."

उन्हाळ्यात एक दिवस माझ्यात हवाच भरेना. वाटलं, झालं, आता अडगळीत रवानगी. पण दुसऱ्या दिवशीही मला बांधलं, आकडाही वाचला. तोच. मी म्हटलं, काकांना दिसत नसेल.

परवा लेक मनगटावर बांधायचं नवं मशीन घेऊन आली. "आई, हे तुझं तुला लावता येईल." जुन्या मशीनचे सेल काढून घ्यायला तिने झाकण उघडलं आणि थिजलीच.

"बाबा, यात सेलच नाहीत!"

"रिमोटला घातले," काका पुटपुटले. "उन्हाळ्यात."

"आणि रोज आकडे सांगत होतात? आईच्या जिवाशी खेळ?"

"ओरडू नकोस," काकू म्हणाल्या. "दर महिन्याला दवाखान्यात तपासून येते मी. पट्टा फुगत नाही हे दंडाला कळत नाही का?"

काका पांढरेफटक पडले. "मग रोज बसत का होतीस?"

"तुम्ही का बांधत होतात?"

काकांनी माझी गुंडाळी केली, पुन्हा सोडली. मग म्हणाले, "दुसरं निमित्त सुचलं नाही."

चाळीस वर्षांचा संसार, आणि निमित्त मी! मी तर हबकूनच गेलो.

आज सकाळी काकूंनी बाही वर केली. काका मला शोधायला उठले. "राहू द्या तो," त्या म्हणाल्या. काका अवघडून बसले, आणि त्यांनी नुसताच हात धरला. आकडा सांगायला तोंड उघडलं, पण सांगायला काही नव्हतं.

मी फळीवर पडलोय. मला खुशाल टाकून द्या. फक्त आज नको, उद्याही काका हात धरतात का, तेवढं बघू द्या.